शरीरातून काढलेला तुकडा टिकवतात कसा? बायोप्सीच्या डबीपासून मेणाच्या ठोकळ्यापर्यंत

ऑपरेशन संपतं, थिएटरचं दार उघडतं, सिस्टर बाहेर येतात आणि नातेवाइकाच्या हातात एक झाकणाची डबी देतात. "हे तपासायला न्यायचंय, सांडू देऊ नका." डबीत पाण्यासारखं दिसणारं पण नाकाला झोंबणारं औषध असतं आणि त्यात बुडालेला एक तुकडा. मोठ्या हॉस्पिटलात ही डबी आतल्या आत लॅबमध्ये जाते. लहान गावात मात्र ती बऱ्याचदा पिशवीत घालून, एसटीने किंवा मोटरसायकलवरून, घरच्याच कुणाला तरी पोहोचवावी लागते.

समजा, हे पुणतांब्यात घडतंय. गोदावरीकाठचं, राहाता तालुक्यातलं हे गाव. दौंड-मनमाड मार्गावरचं रेल्वे जंक्शन, शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. चांगदेवांची समाधी इथली, आणि १ जून २०१७ ला सुरू झालेल्या शेतकरी संपाची ठिणगीही इथलीच. याच तालुक्यात लोणीला प्रवरा मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे. पण एखादीची स्तनातली गाठ जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये काढली, तर ती तपासायला श्रीरामपूर, अहिल्यानगर, नाशिक किंवा पुणे अशी कुठेही जाऊ शकते. पुढे रिपोर्टमध्ये काय येणार, याचा काही भाग या प्रवासातच ठरतो. मायक्रोस्कोपखाली बसलेला डॉक्टर कितीही हुशार असो, त्याच्यापर्यंत तुकडा कोणत्या अवस्थेत पोहोचला यापलीकडे तो जाऊ शकत नाही.

तुकडा बाहेर आल्यावर त्याचं काय होतं?

शरीरातून वेगळा झालेला तुकडा लगेच मरत नाही. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, पण पेशी काही काळ जिवंत असतात आणि ऑक्सिजन संपत चालल्याने त्यांच्यात गडबड सुरू होते. प्रत्येक पेशीत जुनं सामान मोडीत काढणारी एन्झाइम असतात, आपल्याकडे त्यांना विकरं म्हणतात. एरवी ती छोट्या पिशव्यांत बंद असतात. पेशी मरू लागली की या पिशव्या फुटतात आणि विकरं पेशीलाच आतून पचवू लागतात. जीवाणूंमुळे होणारी कुजण्याची क्रिया नंतरची, हे पचन त्याआधीच सुरू होतं. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, ते आणखी वेगाने होतं.

या गडबडीचा पहिला फटका प्रथिनांना बसतो. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण पेशीतलं जवळपास प्रत्येक काम करणारं यंत्र म्हणजे एखादं प्रथिन असतं. बाहेरचे संदेश पकडणारं, पेशीला 'वाढ' म्हणणारं, 'थांब' म्हणणारं, सगळी प्रथिनंच. कर्करोगाच्या पेशीत कोणतं प्रथिन जास्त झालंय आणि कोणतं गायब आहे, यावर आज औषध ठरतं. त्यामुळे तुकडा टिकवायचा म्हणजे त्याचा आकार टिकवला एवढ्याने भागत नाही, त्यातली प्रथिनंही जागच्या जागी राहावी लागतात.

काही प्रथिनं दणकट असतात, काही फारच नाजूक. २०१४ साली स्तनाच्या आणि अंडाशयाच्या गाठींवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, तुकडा काढल्यावर तासाभरात प्रथिनांचं एकूण प्रमाण फारसं बदललेलं दिसलं नाही. पण प्रथिनांवर चिकटणारे फॉस्फेटचे छोटे गट, म्हणजे पेशीतले चालू-बंद करणारे खटके, अर्ध्या तासाच्या आतच हलू लागले होते. मोजलेल्या खटक्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा बदलला होता. म्हणजे गाठ शरीरात असताना काय करत होती ते बघायचं असेल, तर घड्याळ मिनिटांत मोजावं लागतं.

फॉर्मॅलिन: बोटं कडक झाल्याने लागलेला शोध

डबीतलं झोंबणारं औषध म्हणजे फॉर्मॅलिन, फॉर्मल्डिहाइड नावाच्या वायूचं पाण्यातलं द्रावण. हा वायू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होता, पण त्याचा हा उपयोग जवळजवळ अपघाताने सापडला. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचे डॉक्टर १८९३ च्या सुमारास फॉर्मल्डिहाइडने जंतू मरतात का ते तपासत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली. अल्कोहोलमध्ये ठेवलेले अवयव होतात तशी. जंतुनाशकापेक्षा हे काहीतरी जास्त कामाचं आहे, हे त्यांनी ओळखलं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, जगातल्या बहुतेक सगळ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अजून तेच वापरतात.

ते करतं काय? फॉर्मल्डिहाइडचा रेणू अगदी लहान असतो. तो पेशीत शिरतो आणि शेजारच्या दोन प्रथिनांमध्ये एका कार्बनचा छोटासा पूल बांधतो. असे असंख्य पूल झाले की सगळी प्रथिनं एकमेकांना जखडून जातात. विकरंही प्रथिनंच असल्याने तीही जखडली जातात आणि आतलं पचन थांबतं. जीवाणूही मरतात. भर बाजारात अचानक सगळ्यांचे हात एकमेकांना बांधून टाकावेत तसं हे असतं. कुणी मेलं-जगलं ते सोडा, पण कोण कुठे उभं होतं ते कायमचं कळतं.

बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असतं. तुकड्यासाठी ते तसंच वापरत नाहीत. एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी आणि त्यात आम्लता रोखणारे फॉस्फेटचे क्षार असं मिश्रण करतात. त्याला लॅबच्या भाषेत दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिन म्हणतात. क्षार का? फॉर्मॅलिन नुसतं पाण्यात घालून ठेवलं तर काही काळाने त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं. त्याने तुकड्यावर काळपट-तपकिरी ठिपके उमटतात आणि डीएनएही खराब होतो. कपाटात वर्षानुवर्षं पडलेली बाटली म्हणूनच चालत नाही.

औषध किती घालायचं, यातही चूक होते. तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट तरी हवं. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ आणि तिच्याभोवती दोन बोटं औषध, हे दृश्य लॅबवाल्यांना नवीन नाही. मऊ गाठ बाटलीत शिरते खरी, पण कडक झाल्यावर बाहेर येत नाही. बाटली फोडावी लागते, नाहीतर गाठ.

सहा तास ते बहात्तर तास

फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ लागतो. सुरुवातीला साधारण तासाला एक मिलिमीटर, पुढे आणखी हळू. आत शिरल्यावर पूल बांधायला आणखी काही तास. लिंबाएवढी गाठ तशीच डबीत टाकली तर बाहेरचा थर जखडला जातो आणि मध्यभाग आतल्या आत पचत राहतो. म्हणून मोठी गाठ किंवा पूर्ण स्तन काढला असेल तर त्याला पावाच्या लादीसारखे उभे काप देतात, म्हणजे औषध सगळीकडून पोहोचतं.

उलट जास्त वेळ ठेवलं तर? पूल इतके होतात की प्रथिनाचा चेहराच झाकला जातो आणि त्याला ओळखणारी चाचणी फसते. या दोन टोकांमधली जागा अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी स्तनाच्या कर्करोगासाठी ठरवून दिली आहे. गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये पडावी आणि तिथे ६ तासांपेक्षा कमी नाही, ७२ तासांपेक्षा जास्त नाही एवढी राहावी. भारतातल्या लॅबही साधारण हेच पाळायचा प्रयत्न करतात.

आता पुणतांब्याच्या त्या डबीकडे बघू. ऑपरेशन शनिवारी दुपारी झालं. रविवारी लॅब बंद. सोमवारी घरचं कुणी मोकळं नाही. मंगळवारी डबी निघाली आणि दुपारनंतर पोहोचली. ७२ तास उलटून गेले. त्यात ऑपरेशननंतर गाठ आधी तासभर सलाइनच्या पाण्यात ट्रेमध्ये पडून होती, ती वेगळीच. यातलं काहीच कुणी निष्काळजीपणाने केलेलं नाही. अडचण अशी की पुढे कुणाला ते कळतही नाही, कारण डबीवर नाव आणि वय असतं, वेळ नसते.

एवढ्याने काय बिघडतं?

स्तनाच्या कर्करोगात तीन प्रथिनं तपासली जातात. इस्ट्रोजेनचा ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक आणि हर-टू. पहिली दोन हार्मोनचे संदेश पकडतात. ती असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी चालते, जी स्वस्त आहे आणि घरी राहून काही वर्षं घेता येते. हर-टू फार जास्त असेल तर १९९८ पासून उपलब्ध असलेलं ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन उपयोगी पडतं. तिन्ही नसतील तर उपचाराचा मुख्य भार केमोथेरपीवर येतो.

ही प्रथिनं शोधायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची चाचणी करतात. रिपोर्टवर 'आयएचसी' लिहिलेलं असतं ते हेच. त्या प्रथिनालाच चिकटेल अशी एक प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी तुकड्यावर टाकतात आणि तिला रंग जोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. प्रथिन शरीरात होतं पण डबीत असताना पचून गेलं किंवा झाकलं गेलं, तर रंग उमटत नाही आणि रिपोर्ट येतो 'निगेटिव्ह'. त्या बाईला चालली असती ती गोळी मिळतच नाही. खोटा निगेटिव्ह बाहेरून खऱ्या निगेटिव्हसारखाच दिसतो.

महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ७९८ स्तनगाठींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात इस्ट्रोजेनचा ग्राहक सुमारे ३३ टक्के गाठींत सापडला, तर प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक ४६ टक्क्यांत. पाश्चात्त्य देशांत इस्ट्रोजेनचा आकडा याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. भारतीय स्त्रियांना हा कर्करोग सरासरी कमी वयात होतो आणि कमी वयात ग्राहक नसलेल्या गाठी जास्त दिसतात, हे त्याचं एक खरं कारण. पण जाणकारांना खटकली ती दुसरी गोष्ट. प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक बनतो तोच मुळी इस्ट्रोजेनच्या ग्राहकाच्या हुकमाने. मग हुकूम देणारा कमी आणि हुकमाने बनणारा जास्त, असं कसं? काही गाठींत इस्ट्रोजेनचा ग्राहक होता पण चाचणीला दिसला नाही, अशी शंका घ्यायला इथे जागा होती.

नंतरच्या काळात चाचणीच्या पद्धती सुधारल्या, तुकडे वेळेत फॉर्मॅलिनमध्ये जाण्याकडे लक्ष दिलं जाऊ लागलं, आणि भारतातल्या मोठ्या केंद्रांचे आकडे निम्म्याच्या आसपास आणि त्याहून वर आलेले दिसतात. याचं सगळं श्रेय डबीला देणं बरोबर नाही, अँटिबॉडीही बदलल्या आणि पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं याची व्याख्याही बदलली. तरी 'भारतीय स्त्रियांच्या गाठी वेगळ्या' या विधानातला काही भाग भारतीय डब्यांबद्दलचा होता, असं म्हणायला हरकत नाही.

मेणाचा ठोकळा

लॅबमध्ये आल्यावर तुकड्यातलं पाणी हळूहळू अल्कोहोलने काढतात, मग झायलीनने अल्कोहोल काढतात आणि मोकळ्या जागेत वितळलेलं पॅराफिन मेण भरतात. थंड झाल्यावर काडेपेटीपेक्षा लहान ठोकळा तयार होतो. यालाच ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून कल्पना करा. पापुद्रा काचेवर घेऊन जांभळा-गुलाबी रंग दिला की स्लाइड झाली.

मेणातला तुकडा खोलीच्या तापमानाला, कपाटाच्या खणात, वर्षानुवर्षं राहतो. फ्रिज नको, वीज नको. लोडशेडिंगच्या देशात हा मोठा गुण आहे. पण फॉर्मॅलिनने बांधलेले पूल सोडवायचे कसे, हा प्रश्न बरीच वर्षं अडून होता. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या शान-राँग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लाइड पाण्यात बुडवून चक्क मायक्रोवेव्हमध्ये उकळली. उष्णतेने पुष्कळ पूल सुटले आणि लपलेली प्रथिनं पुन्हा दिसू लागली. आज प्रेशर कुकरसारख्या भांड्यातही हे करतात. ही युक्ती सापडल्यावर जगभरच्या कपाटांतले जुने ब्लॉक एकदम बोलके झाले.

ते किती बोलू शकतात, याचा नामांकित दाखला इन्फ्लुएन्झाचा. १९१८ च्या साथीत मेलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा फॉर्मॅलिन आणि मेणात पडून होता. जवळपास ८० वर्षांनी, १९९७ मध्ये, जेफ्री टॉबनबर्गर आणि सहकाऱ्यांनी त्यातून विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचून दाखवले. तिथे प्रथिनं नव्हे, आरएनए वाचला होता. पण तुकडा ठेवला होता म्हणून वाचता आला, एवढं त्यातून कळतं.

खानोलकरांचे ब्लॉक

महाराष्ट्रात तुकडा जपून ठेवण्याला शास्त्राचं रूप दिलं ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. लंडनला पॅथॉलॉजी शिकून आलेले खानोलकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवत. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली. पुढे १९५२ मध्ये उभं राहिलेलं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर हेही त्यांचंच काम. आज खारघरला असलेल्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन संस्थेचं मूळ तिथे आहे.

१९४५ मध्ये खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी एक शोधनिबंध लिहिला. भारतातल्या सवयींमुळे होणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांबद्दल. धोतर कंबरेला वर्षानुवर्षं घट्ट कसल्याने तिथल्या कातडीत होणारा, चुट्टा उलटा म्हणजे पेटलेलं टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूत होणारा, आणि खैनी ओठाआड धरल्याने होणारा. कुठल्या सवयीतून कोणत्या जागी गाठ येते, हे एकट्या रुग्णावरून कळत नाही. शेकडो तुकडे, त्यांची नोंद आणि रुग्णाची माहिती एकत्र ठेवल्यावरच ती रेघ दिसते. साडी कंबरेला कसून नेसणाऱ्या बायकांमध्येही हा कंबरेचा प्रकार आढळतो. मराठी घरांत कंबरेवरचा काळा पट्टा कुणी आजार मानत नाही, म्हणून सांगायचं एवढंच की तिथे न भरणारी जखम झाली तर दाखवावी.

मेण सगळ्यालाच चालत नाही

इथे एक गोष्ट गावपातळीवर फार उपयोगाची आहे. मानेत गाठ आली की आपल्याकडे दोन शंका असतात, कर्करोग किंवा टीबी. गाठ काढून सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनमध्ये टाकली तर टीबीचे जंतू मरतात. मग जंतू वाढवून बघता येत नाहीत आणि कोणतं औषध लागू पडेल हेही त्यातून कळत नाही. टीबीची शंका असेल तर गाठीचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये, वेगळ्या डबीत, असा पाठवतात. सरकारी दवाखान्यांतून होणारी सीबीनॅट चाचणी सलाइनमधल्या भागावर चालते. "दोन डब्या लागतील का?" हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारण्यासारखा आहे, नंतर विचारून उपयोग नसतो.

किडनीच्या बायोप्सीतही असंच असतं, एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक खास वाहक द्रावणात. हाडाच्या तुकड्यातला चुना काढायला आम्ल वापरावं लागतं, त्यात काही प्रथिनं जातात.

संशोधनासाठी मात्र गोठवणं सगळ्यात चांगलं. तुकडा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवतात आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये किंवा नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. झटकन यासाठी की हळू गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. घरच्या फ्रीझरमध्ये डबी ठेवली तर नेमकं हेच होतं. दूध टिकतं म्हणून तुकडा टिकेल, असं नाही.

गोठवलेल्या तुकड्यात पूल नसतात, प्रथिनं मोकळी असतात. त्यांचे ट्रिप्सिन या विकराने बारीक तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रात वजन करतात आणि हजारो प्रथिनं एकाच वेळी ओळखतात. आयएचसीत ज्याला शोधायचं ते प्रथिन आधी माहीत असावं लागतं, इथे तसं नाही. आता उष्णता आणि साबणासारखी रसायनं वापरून मेणाच्या ब्लॉकमधूनही हे करता येतं, पण नाजूक खटके मात्र वेळेत टिकवलेल्या तुकड्यातच सापडतात.

तुकड्यांची पेढी

अशा तुकड्यांचा साठा, सोबत रुग्णाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती, आणि कुणाला काय दिलं याचा हिशेब, याला बायोबँक किंवा जैवपेढी म्हणतात. टाटा मेमोरियल केंद्रात गाठींचा असा साठा आहे. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन या संस्थेने स्तनाच्या कर्करोगाची पेढी उभी केली असून आयसर पुणे या संस्थेसोबत तिच्यावर संशोधन चालतं. २०१८ मध्ये टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई हे कर्करोगाची जनुकं आणि प्रथिनं एकत्र अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात सामील झाले. पुण्याच्याच एनसीसीएसमध्ये जिवंत पेशींचा मोठा साठा आहे, पण तो वेगळा विषय. तिथे पेशी वाढवत ठेवतात, इथे थांबवून ठेवतात.

पेढीत जाणारा तुकडा हा सहसा निदान करून उरलेला भाग असतो. त्यासाठी वेगळी चीर देत नाहीत. तरीही परवानगी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नमुना देणाऱ्याचाच असतो, पेढी त्याची राखणदार. दिलेली संमती मागे घेता येते. भरतीच्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात हा कागदही असतो. तो वेगळा काढून वाचावा आणि न समजल्यास विचारावं. नाही म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये.

खेड्यापाड्यातल्या तुकड्यांचं या पेढ्यांत प्रमाण कमी असण्याचं कारणही डबीच आहे. तासाभरात गोठवण्याची सोय जिथे, तिथल्याच रुग्णांच्या गाठी साठतात. मग त्या साठ्यावरून जे औषध शोधलं जाईल, ते कुणाच्या गाठींवर बेतलेलं असेल?

डबी हातात आली तर

पहिली गोष्ट, डबीत औषध आहे ना आणि तुकडा पूर्ण बुडालाय ना, ते बघावं. नळाचं पाणी, सलाइन किंवा स्पिरीट हे फॉर्मॅलिनचे पर्याय नाहीत. डबीवर रुग्णाचं नाव, तुकडा कोणत्या बाजूचा आणि कुठला, आणि शरीरातून काढल्याची व फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. झाकणावर लिहू नये, झाकणं बदलतात. डबी एका घट्ट पिशवीत, भोवती कापूस किंवा कागद, आणि मग बाहेरचा खोका. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांना झोंबतो आणि फॉर्मल्डिहाइड हे कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं रसायन आहे, तेव्हा ती पिशवी जेवणाच्या डब्यासोबत नको आणि घरी लहान मुलांच्या हाताला लागेल अशीही नको. सुट्टी आडवी येत असेल तर लॅबला आधी फोन करावा. अनेक लॅब तुकडा घेऊन पुढची प्रक्रिया सुरू करून ठेवतात.

"सुई टोचली की गाठ पसरते" ही भीती आपल्याकडे घराघरात आहे. त्या भीतीने बायोप्सी टाळली जाते आणि मधले महिने वाया जातात. काही मोजक्या गाठींत, उदाहरणार्थ अंडकोषाच्या, डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. पण स्तनाच्या गाठीत सुईने तुकडा घेणं ही रूढ आणि सुरक्षित पद्धत आहे. उपचार ठरवायला लागणारी प्रथिनं त्याच तुकड्यात वाचली जातात.

रिपोर्ट आल्यावरही ब्लॉक संपत नाही. दुसरं मत घ्यायचं असेल, मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जायचं असेल, तर तिथे बहुतेक वेळा 'ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या' असंच सांगतात. मूळ लॅबमध्ये अर्ज केला की ते मिळतात. फक्त रंग न दिलेल्या स्लाइड आणण्यापेक्षा ब्लॉक आणलेला बरा, कारण कापलेल्या पापुद्र्यातली प्रथिनं हवेने काही आठवड्यां-महिन्यांत फिकी पडतात, ठोकळ्यातली नाहीत. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचा नियम ब्लॉक निदान १० वर्षं ठेवण्याचा आहे. आपल्याकडच्या लॅबमध्ये किती वर्षं ठेवतात ते रिपोर्ट घेतानाच विचारून घ्यावं, कारण कर्करोग सात-आठ वर्षांनी उलटला तर जुन्या ब्लॉकशी ताडून बघायची वेळ येते.

प्रत्येक चाचणीत ब्लॉकचे काही पापुद्रे खर्ची पडतात. बारीक बायोप्सीचा ब्लॉक चार-पाच चाचण्यांत संपूही शकतो, म्हणून त्याच चाचण्या दोन ठिकाणी करून घेण्याआधी पहिल्या रिपोर्टची प्रत दाखवावी. काम झाल्यावर ब्लॉक परत मागून घ्यावा आणि पावतीवरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का ते तिथल्या तिथे पाहावं. तो नेताना उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात बंद गाडीत तेवढं तापमान व्हायला फार वेळ लागत नाही.